कापलेली दोन मिनिटं

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा मी एका लग्नातली हळद कापत होते. कॉम्प्युटरवर. तीन तासांची हळद वीस मिनिटांत बसवायची आणि तरी घरातली एकही मावशी सुटू द्यायची नाही, हे माझं रोजचं काम होतं.

शिरूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या आसपास अब्बांनी व्हिडिओ शूटिंग सुरू केलं, खांद्यावर घ्यायचा जड कॅमेरा आणला. पण बायकांच्या बाजूला पुरुषानं कॅमेरा घेऊन शिरलेलं आमच्या समाजातल्या बऱ्याच घरांना नको असायचं. म्हणून अकरावीत असतानाच अब्बांनी तो माझ्या खांद्यावर दिला. पुढं कॅमेरे लहान झाले, कॅसेटी लहान झाल्या, कॉम्प्युटर आला. अब्बांना माउस काही धरता येईना, त्यामुळे मिक्सिंगही माझ्याकडे आलं. मी जोडलेली लग्नं शिरूरपासून दौंडपर्यंत घराघरांत होती, आणि ती कोणी जोडली हे एकालाही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. जागेवर बसवत नसे. काम करताना एक पाय सतत हलत असायचा, आणि अम्मी त्यावरून रोज एकदा तरी बोलायची.

तो आला तो कंपनीच्या निळ्या शर्टातच. शिक्रापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता, गाव राहू, दौंड तालुक्यातलं. चोवीस-पंचवीसचा असेल. काउंटरवर सीडी ठेवून म्हणाला, व्हिडिओ करायचाय. अब्बांनी सवयीनं वही उघडली आणि लग्न कधी आहे ते विचारलं.

"लग्न न्हाई चाचा," तो म्हणाला. "गाणं हाय."

मी सीडी लावली. ढोलकी नाही, पेटी नाही, नुसता ठोका. दौंडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं तो की-बोर्डवर बसवून घेतला होता. आणि त्या ठोक्यावर हा बोलत होता. गात नव्हता, बोलत होता, राहूच्या बोलीत, श्वास न घेता. रॅप म्हणजे हिंदी गाण्याच्या मधल्या कडव्यात कोणीतरी भराभर काहीतरी म्हणतो ते, एवढंच मला माहीत होतं. इथं एकेक शब्द कळत होता.

पयली पाळी, दुसरी पाळी, तिसऱ्या पाळीत डोळं लाल,
गेटपासावर फोटू माझा, त्यात बी आत गेल्यात गाल.

पुढं एका जागी ठोका जरा मागे सरायचा आणि हा हळू आवाजात म्हणायचा:

दोन बोटं खाल्ली प्रेसनं,
हजेरी लागली पुऱ्या हाताची.

अब्बांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, की हा भांडतोय का गातोय. तो म्हणाला, दोन्ही. मी खुर्ची वळवून त्याच्याकडे पाहिलं. माझा पाय हलायचा थांबला होता, हे मला नंतर लक्षात आलं.

आम्ही आधी नुसत्या गाण्याचाच व्हिडिओ करणार होतो. पण गावातल्या केबलवाल्यानं सांगितलं की चार मिनिटांच्या गाण्याला त्याच्याकडे जागा नाही. रविवारी सकाळी अर्ध्या तासाची जागा मोकळी असते, तेवढं काहीतरी आणा आणि गाणं शेवटी लावा. दुकानात आम्ही तिघं बसून विचार करू लागलो की बाकीचा वेळ कशानं भरायचा. मीच म्हटलं की याच्यावरच डॉक्युमेंटरी करू. हा कुठं राहतो, काय काम करतो, गाणं कसं सुचतं. मी बोलून गेले खरी, पण डॉक्युमेंटरी कशी करतात हे मला मुळीच माहीत नव्हतं. शाळेत पाटबंधाऱ्यावरची एक पाहिली होती, एवढीच माझी तयारी.

त्या उन्हाळ्यात लग्नाच्या तारखा सोडून उरलेले सगळे दिवस आम्ही फिरलो. मी, तो आणि अब्बा. अब्बा बरोबर असल्याशिवाय अम्मी मला सोडत नव्हती, आणि अब्बांना खरं तर बाहेर पडायचंच असायचं. शिक्रापूरच्या चौकात ट्रकच्या रांगेशेजारी मी त्याला उभं केलं आणि रस्त्याच्या पलीकडून गाणं घेतलं. ट्रक मध्ये यायचा, तो दिसेनासा व्हायचा, ट्रक गेला की तो पुढच्या ओळीवर पोचलेला असायचा. हमाल थांबून बघायचे. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून ठोका धरला, तो मी तसाच ठेवला.

राहूला आम्ही तळेगाव ढमढेरेवरून नदी ओलांडून गेलो. त्याचे वडील सोसायटीवर निवडून आलेले, गावात वजन असलेले. मुलानं घरचा ऊस सोडून कंत्राटी कामाला जावं आणि वर ते गाण्यात सांगत सुटावं, हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. आम्हाला मात्र त्यांनी बसवून घेतलं, चहा पाजला, अब्बांच्या ओळखीचे कोण कोण राहूत आहेत ते विचारलं. कॅमेरा काढला तशी टोपी नीट केली आणि बोलायला नकार दिला. मी फार गळ घातली तेव्हा एकच वाक्य बोलले.

"त्याला बोलायला लय आवडतं, ऐकायला न्हाई."

ते वाक्य मी ठेवलं. तो स्वतः ते बघून हसला होता.

आणि मग शिक्रापूरची खोली. पत्र्याची, एका ओळीत आठ खोल्या, एकेकीत सहा-सात जण. तिथं त्याचा प्रेसवरचा, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवरचा, जोडीदार राहायचा. बिहारचा, त्याच्याहून थोडा मोठा, शांत माणूस. ती दोन बोटं त्याची होती. उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचं. गाणं त्याच्यावरूनच सुचलं होतं. रॅपवाल्यानं त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि हात दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवला. आधी नीट, मग उलटा करून. प्रेस कशी खाली आली ते डाव्या हातानं करून दाखवलं. मग म्हणाला की घरी त्यानं काही कळवलेलं नाही. दोन दिवाळ्या तो गावी गेला नव्हता. फोनवर आई विचारते, छुट्टी का मिळत नाही, आणि हा सांगतो, काम ज़्यादा है. एवढं सांगून तो हसला आणि हात गुडघ्याखाली घेतला. मी कॅमेरा बंद केला नाही. दोन मिनिटं आणि काही सेकंद.

सगळ्या टेपांमध्ये त्या दोन मिनिटांसारखं दुसरं काही नव्हतं. मला ते शूटिंग करतानाच कळलं होतं आणि रॅपवाल्यालाही. परत येताना वडापच्या जीपमध्ये तो सारखा तेच बोलत होता, की बघणारा इथं गप होणार. मी ते बरोबर मधोमध लावलं. अब्बांनी बघितलं, चष्मा काढून पुसला, आणि लाइट जायच्या आत सेव्ह कर म्हणाले. त्या वर्षी शिरूरला दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. मिक्सिंगचं सगळं वेळापत्रक भारनियमनावर चालायचं, आणि सेव्ह होत असल्याची पट्टी पडद्यावर हळूहळू पुढं सरकत असताना मी दुकानात येरझाऱ्या घालायचे.

प्रकाशन रविवारी दुपारी ठरलं. शिरूरच्या एका मंगल कार्यालयाचा हॉल जनरेटरसकट मिळाला, प्रोजेक्टर पुण्याहून येणार होता. सीडीच्या कव्हरवर त्याचा ट्रकजवळचा फोटो होता. त्याच दिवसांत माझ्यासाठी कोरेगाव भीमाच्या एका घरातून लग्नाचं बोलणं चालू होतं, म्हणून शेवटच्या टायटलमध्ये माझं नाव नको, स्टुडिओचं पुरे, असं अब्बांनी मला हळूच सांगितलं. मी हो म्हटलं. मनातून मला ते आवडलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो बिहारचा माणूस एकटा दुकानात आला. सुट्टीच्या दिवशी शिक्रापूरहून वडापनं आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. अब्बा जेवायला घरी गेले होते. तो बसला नाही. उजवा हात खिशातच होता. त्यानं मला विचारलं की त्यात त्याचा हात दिसतो का. मी म्हटलं, दिसतो. त्याच्या गावाकडचे तिघं जण त्याच खोल्यांत राहतात, त्यांतला एक महिन्याभरात घरी जाणार आहे आणि सीडी घेऊन जातो म्हणतोय, असं त्यानं सांगितलं. त्याच्या हाताचं तेवढं काढता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी म्हटलं, हे तुमच्या दोस्ताला सांगा, गाणं त्याचं आहे. तो म्हणाला, सांगितलं. दोनदा सांगितलं. दोस्त म्हणाला घाबरू नको, हे सगळ्या कामगारांसाठी आहे, कंपनीनं काढलं तर मी आहे.

"कंपनी का डर नहीं है, दीदी," तो म्हणाला. "माँ ने अभी देखा नहीं है।"

मी त्याला पाणी दिलं. ते त्यानं डाव्या हातानं घेतलं, प्यायला, ग्लास काउंटरवर ठेवला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गेला. कदाचित पुन्हा नकार ऐकायचा नसेल.

लाइट जायला सव्वा तास होता. मास्टर सीडी त्याच दुपारी पुण्याला जायची होती, तिथून कॉप्या निघणार होत्या. रॅपवाला पहिल्या पाळीला होता, त्याच्याकडे मोबाइल होता पण तो गेटवर ठेवून घ्यायचे. साडेतीनला सुटला असता तो. मला थांबता आलं असतं. पुण्याला सीडी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवता आली असती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मी दोन वेळा दारात जाऊन आले, एकदा फोन उचलून खाली ठेवला. मग खुर्चीत बसले आणि ती दोन मिनिटं कापली. त्या जागी शिक्रापूरचा रस्ता लावला, नुसते जाणारे ट्रक, लांबून घेतलेले.

लाइट जायच्या आधी थोडा वेळ उरला. मी शेवटच्या टायटलवर गेले आणि संकलन या शब्दापुढं माझं पूर्ण नाव टाइप केलं. कापलं मी होतं. ते कोणी कापलं हे लिहिलेलं असायला पाहिजे, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. अब्बांना विचारलं नाही. रॅपवाल्यालाही विचारलं नाही. त्या दुपारी मी कोणालाच काही विचारलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, मास्टर गेली का म्हणून. मी म्हटलं, गेली. शुक्रवारी पुन्हा आला, शनिवारीही. दर वेळी सांगायचं ठरवून मी फोन घ्यायचे आणि खुर्च्या, बॅनर, पाहुणे यांवर बोलून ठेवून द्यायचे.

रविवारी हॉल भरला. कारखान्यातले बरेच जण आले होते, पहिल्या रांगेत सत्काराचे पाहुणे, मागे कॉलेजची मुलं. त्याचे वडील येणार नाहीत असं तो म्हणाला होता, पण ते आले आणि खांबाजवळची खुर्ची धरून बसले. बिहारचा माणूस तिसऱ्या रांगेत होता, दोन्ही बाजूला त्याच्या गावाकडचे. मी आणि अब्बा प्रोजेक्टरशेजारी उभे होतो. रॅपवाला पुढं स्टेजच्या पायरीवर बसला होता, पडद्याकडे तोंड करून, त्यामुळे मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

वडिलांच्या वाक्याला हॉल हसला. वडीलही हसले असावेत, मान खाली घालून. मग खोल्यांची ओळ आली. दार आलं. आणि दाराच्या आत जायच्या ऐवजी पडद्यावर रस्ता आला, ट्रक जाऊ लागले.

त्याची पाठ ताठ झाली. तो तसाच बसून राहिला, ट्रक संपेपर्यंत. मग उठून बाजूच्या दारानं बाहेर गेला. मी मागोमाग गेले. अंगणात खुर्च्यांच्या थप्पीजवळ तो उभा होता.

"कुनी कापलं?"

मी म्हटलं, मी. तो माणूस गुरुवारी आला होता, हेही सांगितलं, आईचंही सांगितलं. मी भराभर बोलत होते आणि तो माझ्याकडे न बघता ऐकत होता. कंपनीचा किंवा ठेकेदाराचा दबाव आला का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं तर त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणाला, नेहमी असंच होतं, आमचं बोलणं कोणीतरी परस्पर कापतं, आज तुम्ही कापलं. आतून त्याच्याच गाण्याचा ठोका सुरू झाल्याचं ऐकू आलं. व्हिडिओ संपला की त्यानं स्टेजवर तेच गाणं समोरासमोर म्हणायचं ठरलं होतं. कोणीतरी त्याला बोलवायला आलं.

मी आत परतले तेव्हा टायटलं चालू होती. पडदा म्हणून लावलेल्या पांढऱ्या चादरीवर माझं नाव वर सरकत गेलं. मला वाटलं होतं की मला काहीतरी वाटेल. अब्बांकडे बघायचं धाडस झालं नाही, एवढंच.

तो स्टेजवर आला, माइक घेतला. सुरुवातच इतकी रागानं केली की पाहुणे दचकले. पहिल्या पाळीचं कडवं, दुसऱ्या पाळीचं कडवं. कारखान्यातले लोक उभे राहून टाळ्यांनी ठोका धरायला लागले. तो कडेपर्यंत यायचा, मागे जायचा, एका जागी उभाच नव्हता. आणि मग ती जागा आली, जिथं ठोका मागे सरतो. त्यानं तोंडाशी माइक नेला आणि त्याची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. बिहारचा माणूस टाळ्या वाजवत नव्हता. सगळे उभे असताना तो बसला होता, हात खिशात, मान खाली.

त्या दोन ओळी त्यानं म्हटल्या नाहीत. माइक तोंडासमोर तसाच धरून उभा राहिला. ठोका एकटाच वाजत राहिला, मग पुढचं कडवं आलं आणि त्यानं ते उचललं. लोकांना वाटलं विसरला. कॉलेजच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन सगळ्या मूळ टेपा घेऊन गेला. त्या त्याच्याच होत्या. हाताची टेप कोणती, हे मी न विचारता दाखवलं. पुढच्या रविवारी केबलवर कार्यक्रम लागला. आठवड्याभरात ठेकेदारानं त्याचा गेटपास काढून घेतला. हात दाखवला काय, न दाखवला काय, गाणं पुरेसं होतं. ते गाणं मोबाइलवरून मोबाइलवर शिक्रापूरपासून रांजणगावपर्यंत पोचलं, वडापमध्येही ऐकू यायचं. लोक म्हणायचे, शिरूरचं कोणीतरी गायलंय. राहूचं कोणी म्हणत नव्हतं, आणि त्याचा मला राग यायचा.

अब्बा प्रकाशनाच्या दिवशी घरी जाताना नावाबद्दल एवढंच बोलले की अक्षरं जरा खाली आली होती, पुढच्या वेळी थोडी वर घे. कोरेगावचं बोलणं पुढं गेलं नाही. नावामुळं की आणखी कशामुळं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि अब्बांनीही विचारलं नाही.

त्यानंतर मी लग्नं जोडत राहिले, पण पूर्वीसारखं जमेना. एखादी नवरी रडत असली की मी कट करू का ठेवू यावर अर्धा अर्धा तास अडायचे. कोणाला विचारावं, नवरीला की तिच्या बापाला, हे ठरेना. गिऱ्हाइकं उशीर का म्हणून ओरडायची.

दोन वर्षांनी दौंडला एका लग्नात बायकांकडचं शूटिंग होतं. साउंडवर तो होता. स्पीकरच्या भिंतीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, जरा भरलेला, मिशी ठेवलेला. मला बघून उठला. आम्ही जेवणाच्या पंगती बसल्या तेवढा वेळ बोललो. नवीन दोन गाणी केली होती, शूटिंग दौंडच्याच एकाकडून. चांगलं झालं का, विचारलं तर म्हणाला, अंधार लय आला. वडील आता त्याच्याशी बोलतात, पण गाण्यावर नाही.

मग त्यानंच बिहारच्या माणसाचं काढलं. तो गावी जाऊन आला होता. तिकडून फोन केला होता. आईनं हात बघितला, आणि हा काही सांगायच्या आत विचारलं की जेवताना त्रास होतो का. आता तो तिकडंच आहे, भावाच्या दुकानात.

"टेप हाय माझ्याकडं अजून," तो म्हणाला. "त्याला फोनवर इचारलं, आता दाखवू का म्हणून. न्हाई म्हनला. मंग ऱ्हावू दिली."

मी म्हटलं, बरं केलं. तो बराच वेळ मिक्सरची बटणं वरखाली करत राहिला.

"ताई, तुम्ही मला त्या दिवशी इचारलं असतं ना, तर मी न्हाईच म्हनलो असतो."

"म्हणून तर नाही विचारलं."

"व्हय. तरी इचारायला पायजे व्हतं."

त्याचं बरोबर होतं आणि त्या माणसाचंही बरोबर होतं, आणि दोन्ही एका दुपारीत बसवायला मला आजही जमलं नसतं. आतून कोणीतरी शूटिंगवाल्या ताई म्हणून हाका मारत होतं, नवरीची ओटी भरायला घेतली होती. मी कॅमेरा उचलला. त्यानं माझ्यासाठी गाण्याचा आवाज थोडा खाली घेतला, आणि मी आत गेले.